१९ डिसेंबर आणि त्याच तारखेच्या इतर घटना : दिनविशेष लिहिताना काय पाहावे?

मांडवीकाठ

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेच्या व्हरांड्यातील काळ्या फलकावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम अनेक वर्षांपासून माझ्याकडे आहे आणि ते मी आवडीने करते. गेल्या १९ डिसेंबरला मुले ध्वजवंदनासाठी येणार म्हणून आदल्या संध्याकाळीच फलक लिहून ठेवला होता. वर रंगीत खडूने 'गोवा मुक्तिदिन, १९६१' असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते आणि खाली त्याच तारखेच्या आणखी तीन नोंदी होत्या. १९२७ मध्ये काकोरी कटातील रामप्रसाद बिस्मिल यांना गोरखपूर, अशफाकउल्ला खाँ यांना फैजाबाद आणि रोशनसिंह यांना अलाहाबाद येथे फाशी. १९३४ मध्ये प्रतिभाताई पाटील यांचा जन्म. १९८४ मध्ये हाँगकाँग चीनला परत देण्याच्या करारावर बीजिंगमध्ये सह्या.

ध्वजवंदन झाले, खाऊ वाटून झाला आणि मुले पांगू लागली. चौथीतली एक मुलगी मात्र हातातला लाडू तसाच धरून फलकासमोर उभी होती. तिने मला विचारले, "बाई, बिस्मिलांना त्या दिवशी फाशी दिली होती, म्हणून गोवा त्याच दिवशी सोडवला का?"

तसे काही नव्हते, एवढेच मी तिला सांगितले. भारतीय सैन्य १७ डिसेंबरच्या रात्रीनंतर, १८ च्या पहाटे गोव्यात शिरले. ब्रिगेडियर सगतसिंग यांची पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून इतक्या वेगाने खाली आली, की १८ च्या संध्याकाळी तिचे जवान बेतीला, पणजीच्या समोरच्या काठावर पोहोचले होते. १९ च्या सकाळी त्यांनी मांडवी ओलांडली आणि त्याच रात्री साडेआठच्या सुमारास गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम त्यांनी पाळला असता, तर हीच सही २० किंवा २१ तारखेला झाली असती आणि माझ्या फलकावर वेगळेच शेजारी आले असते.

मुलीला उत्तर मिळाले, पण माझे समाधान झाले नाही. एकाखाली एक लिहिलेल्या ओळी मुलांना एकमेकींशी बांधलेल्या वाटतात, आणि तसे वाटायला लावणारी मीच असते. दिनविशेषात कोणती नोंद घ्यावी, कोणती सोडावी आणि 'त्याच दिवशी' या शब्दांना नेमका किती अर्थ आहे, याविषयी येथील जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

कुशावती

मांडवीकाठ, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण काही तारखांच्या बाबतीत त्याचे उत्तर 'हो' असे येते. तारीख कोणी मुद्दाम निवडली, की ती आपोआप येऊन पडली, हे मी आधी पाहतो.

सर्वांत ठळक उदाहरण २६ जानेवारीचे आहे. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली होती. तरीही ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी पुढचे दोन महिने थांबून २६ जानेवारी निवडली, कारण १९३० मध्ये त्याच तारखेला देशभर स्वातंत्र्यदिन पाळला गेला होता. येथे दोन नोंदी एकाखाली एक लिहिल्या, तर त्यांच्यामध्ये बाण काढायला हरकत नाही. १५ ऑगस्टचेही तसेच आहे. ही तारीख माउंटबॅटन यांनी ठरवली, आणि १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली होती, त्याला दोन वर्षे पूर्ण होत होती म्हणून ती सुचली, असे त्यांनी पुढे सांगितले. म्हणजे आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या तारखेत एका सेनापतीची दुसऱ्या महायुद्धाची आठवण शिरलेली आहे. मुलांना हे जरूर सांगावे.

याउलट १८ जून घ्या. १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले होते, तेथूनच मडगावच्या सभेचे ठरले, आणि भर पावसात मंगळवार, १८ जून रोजी लोहियांनी पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली. गोव्याचा क्रांतिदिन तो हाच. दिनविशेषांच्या पुस्तकांत याच तारखेला वॉटर्लूची लढाई (१८१५), राणी लक्ष्मीबाईंचे बलिदान (१८५८, काही आधारांनुसार १७ जून) आणि लंडनहून द गॉल यांनी फ्रेंचांना केलेले आवाहन (१९४०) एका रांगेत लिहिलेले असते. मडगावच्या सभेची तारीख ठरवताना यांपैकी कशाचाही विचार झाला नव्हता. त्या रांगेत राणी लक्ष्मीबाई आणि लोहिया शेजारी आलेले पाहून मला आजही भरून येते, परंतु ती माझी भावना झाली, इतिहासातला दुवा नव्हे.

टाळलेल्या तारखाही असतात. जर्मनीत ९ नोव्हेंबरला १९१८ मध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली, १९२३ मध्ये हिटलरचा उठाव फसला, १९३८ मध्ये ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनास्थळे जाळली गेली आणि १९८९ मध्ये बर्लिनची भिंत उघडली. भिंतीचा दिवस हाच राष्ट्रीय दिवस व्हावा, असे अनेकांना वाटत होते. पण १९३८ ची ती रात्र आड आली आणि ३ ऑक्टोबर हा एकीकरणाचा दिवस मानला गेला. एका तारखेवर साचलेल्या आठवणींमुळे एका राष्ट्राला दुसरा दिवस धरावा लागला, हे मला फार बोलके वाटते.

जुनी वही

कुशावती यांच्या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, असे मला वाटते. ही तारीख कोणत्या पंचांगाची आहे?

माझ्या आजोबांचे म्हापशाच्या बाजारात किराणा दुकान होते. त्यांची १९५० च्या सुमाराची एक खातेवही माझ्याजवळ आहे. लाल कापडी बांधणीची, कडा वाळवीने थोड्या खाल्लेली. तिच्यात प्रत्येक पानावर डावीकडे तिथी आणि उजवीकडे पोर्तुगीज तारीख लिहिलेली आहे. उधारी कधी फेडायची, हे मात्र तिथीतही नाही आणि तारखेतही नाही. तेथे 'चवथीआधी', 'सां जुआंवाआधी', 'नाताळानंतर' असे लिहिले आहे, कारण गिऱ्हाइकांचे वर्ष त्या सणांनी चालत असे. एकाच दुकानात एकाच दिवसाला तीन नावे होती आणि तिन्ही खरी होती.

आता मोठ्या इतिहासाकडे येतो. पोप ग्रेगरी यांच्या सुधारणेनुसार १५८२ मध्ये पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. इंग्रजांनी ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्या वर्षी त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला. त्यामुळे मुंबई इंग्रजांकडे आल्यापासून जवळजवळ नव्वद वर्षे मुंबईतली तारीख आणि गोव्यातली तारीख यांत आधी दहा आणि नंतर अकरा दिवसांचे अंतर होते. मुंबईहून ६ जूनला लिहिलेले पत्र जलमार्गाने तीन दिवसांत पणजीला पोहोचले असे समजा, तर ते हाती घेणाऱ्या कारकुनाच्या लेखी त्या दिवशी १९ जून असे.

संभाजी महाराजांच्या गोव्यावरील स्वारीत हे स्पष्ट दिसते. मराठ्यांनी जुव्याचे बेट, म्हणजे सांत इस्तेव्ह, घेतले ती रात्र पोर्तुगीज कागदपत्रांत २४ नोव्हेंबर १६८३ ची आहे. मुंबईच्या इंग्रजांच्या हिशेबाने ती १४ नोव्हेंबरची होते. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या, की आपण एका लेखकाला चुकीचा ठरवतो. पुष्कळदा दोघेही बरोबर असतात.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्व्होर स्वतः बेट परत घ्यायला गेला आणि पराभूत होऊन मागे फिरला. २५ नोव्हेंबर हा सेंट कॅथरिनचा सण. १५१० मध्ये याच सणाच्या दिवशी आफोंसो द आल्बुकर्क याने आदिलशाहीकडून गोवा जिंकले होते आणि म्हणूनच जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल सेंट कॅथरिनच्या नावाचे आहे. सूर्याच्या हिशेबाने पाहिले तर हे दोन दिवस जुळत नाहीत, कारण १५१० ची तारीख जुन्या पंचांगाची आहे आणि नव्या मोजणीने ती ५ डिसेंबर होते. परंतु विजरईला सूर्याचा हिशेब कोण विचारणार होते? त्याच्या मनात सण होता. आपल्या विजयाच्या सणाच्याच दिवशी झालेला पराभव त्याला किती लागला असेल, हे समजण्यासाठी सणाचे नावच धरावे लागते. धास्तावलेल्या विजरईने बॉम जेझूच्या बासिलिकेत जाऊन आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाजवळ ठेवला, ती घटना याच स्वारीतली.

सत्तरीचा वाचक

वरील माहितीबद्दल आभार. पण माझी एक शंका आहे आणि ती मी मोकळेपणाने मांडतो. एवढी चाळण लावली तर फलकावर उरणार काय? लहान मुलांना योगायोगाची गोडी असते आणि त्या गोडीनेच ती इतिहासाकडे वळतात. मी स्वतः तसाच वळलो. १ ऑगस्ट १९२० या एकाच दिवशी, रात्री बारा वाजून गेल्यावर, मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले, त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला आणि त्याच दिवशी गांधीजींचे असहकाराचे आंदोलन सुरू झाले, हे मी सातवीत असताना आमच्या गुरुजींनी सांगितले होते. त्या दिवसाने एक काळ संपवला आणि दुसरा सुरू केला, असे मला वाटले आणि मी वाचू लागलो. तिघांमध्ये कार्यकारणभाव नसेना का. तो दिवस मात्र एकच होता, वर्षही एकच.

कुशावती

सत्तरीचा वाचक, तुमच्या उदाहरणात आणि नेहमीच्या दिनविशेषात मोठा फरक आहे. १ ऑगस्ट १९२० ला या तीन गोष्टी खरोखरच एका सूर्याखाली घडल्या. टिळकांचे निधन झाले त्या सरदारगृहासमोर मुंबईच्या रस्त्यांवर लोटलेली ती अफाट गर्दी आणि असहकाराचा पहिला दिवस हे एकाच हवेत होते, एकाच वर्तमानपत्रात वाचले गेले. त्यांना शेजारी ठेवल्याने तो काळ समजतो. १८१५ आणि १९४६ यांना शेजारी ठेवल्याने फक्त १८ हा आकडा लक्षात राहतो. मी गोडीच्या विरोधात मुळीच नाही. पहिल्या प्रकारची गोडी अधिक मिळावी, एवढेच म्हणणे आहे.

तिथीचा विषय निघालाच आहे, म्हणून शिवराज्याभिषेकाबद्दल लिहितो. ६ जून १६७४ ही सर्वांना पाठ असलेली तारीख इंग्रजांच्या जुन्या पंचांगाची आहे. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून रायगडावर आला होता, तो हेच पंचांग वापरत होता. गोव्यात त्याच दिवशी १६ जून होता. वार पाहिला म्हणजे खात्री पटते, कारण तारखेची मोजणी बदलली तरी वारांची रांग कधी तुटली नाही. जुन्या मोजणीचा ६ जून १६७४ हा शनिवार येतो. नव्या मोजणीचा ६ जून धरला तर बुधवार येतो. आता जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची त्या काळातील घटनांची तिथीवार नोंद, उघडा. तेथे ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, असे आहे आणि तीन घटिका रात्र उरली असता राजे सिंहासनावर बसले, असे नोंदले आहे. शुक्रवार की शनिवार? दोन्ही. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून पहाटेपूर्वीची ती वेळ शुक्रवारातच मोजली गेली. युरोपियनांचा दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून त्यांच्या लेखी शनिवार उजाडला होता. तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटे. महाराष्ट्राच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण त्या ७२ मिनिटांच्या फटीत बसला आहे आणि त्या फटीत उभे राहिले, की तिथी आणि तारीख यांच्यावरून होणारा वाद अर्धा शांत होतो.

पत्रादेवीची वाट

मी पेडणे तालुक्यातला आहे. १५ ऑगस्टबद्दल कुशावती यांनी लिहिले आहे, त्यात गोव्याचा १५ ऑगस्ट राहून गेला.

१९५५ च्या १५ ऑगस्टला देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर अनेक ठिकाणांहून आत शिरले. तारीख पूर्ण विचाराने निवडली होती. उरलेला देश स्वातंत्र्याचा आठवा वर्धापनदिन साजरा करत असताना गोवा अजून परक्यांच्या ताब्यात आहे, हे जगाला दिसावे, हाच तिचा अर्थ होता. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. पंजाबचा तरुण कर्नैलसिंग बेनिपाल आमच्या पत्रादेवीला पडला. त्यानंतर भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली.

मी लहान असताना वडील मला १५ ऑगस्टला सकाळी पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाजवळ घेऊन जात. श्रावणातला पाऊस, रस्त्याच्या कडेची वाढलेली हिरवळ, छत्री मिटून, डोके उघडे ठेवून उभे राहिलेले वडील. ते काहीच बोलत नसत. शाळेत झेंडावंदन त्यानंतर. १५ ऑगस्ट १९४७ आणि १५ ऑगस्ट १९५५ या दोन ओळी लिहिताना मधला बाण जाड काढावा, अशी माझी मांडवीकाठ यांना कळकळीची विनंती आहे.

जुनी वही

पत्रादेवीची वाट, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो होतो. त्याच तारखेची गोव्याशी संबंधित आणखी एक जोडी नोंदवतो. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर इग्नेशियस लोयोला आणि त्यांच्या सोबत्यांनी शपथ घेतली. त्यांतूनच पुढे जेझुइट संघ उभा राहिला. सोबत्यांत फ्रान्सिस झेवियर होते. बरोबर पंधरा वर्षांनी, १५ ऑगस्ट १५४९ रोजी, झेवियर जपानमधील कागोशिमाला उतरले. पहिली तारीख मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण म्हणून निवडलेली होती. दुसरी वाऱ्याने आणि जहाजाने ठरवली. दोन्ही एकाच जुन्या पंचांगातल्या आहेत, त्यामुळे हा मेळ खरा आहे.

न टिकणारा मेळही सांगतो. वास्को द गामा कालिकतजवळ पोहोचला तो २० मे १४९८ रोजी, आणि पूर्व तिमोर स्वतंत्र राष्ट्र झाले ते २० मे २००२ रोजी. आशियातील पोर्तुगीज सत्तेचा उगम आणि तिच्या शेवटच्या वसाहतीचे स्वातंत्र्य एकाच तारखेला, असे कोणी लिहिले तर वाचायला सुंदर वाटते. तिमोरचा कारभार १८४४ पर्यंत गोव्यातूनच चालत असे, त्यामुळे आपल्याला तर ते अधिकच भावते. परंतु १४९८ ची तारीख नव्या मोजणीने २९ मे होते. तिमोरी लोकांनीही २० मे निवडली ती १९७४ मध्ये त्या दिवशी स्थापन झालेल्या त्यांच्या स्वतःच्या पक्षाची आठवण म्हणून. गामाचे त्यात काही नव्हते.

तिसवाडी

१६ जानेवारीबद्दल येथे कोणी लिहिले नाही, आणि का लिहिले नाही हे मी समजू शकते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे, याची खूण फूल होती. संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे, याची खूण दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांनी निकाल लागला.

आमचे घर फुलाचे होते. आजी शेवटपर्यंत ती तारीख उच्चारत नसे. शेजारचे घर दोन पानांचे होते आणि तेथे त्या दिवशी दरवर्षी गोडधोड होते. आता तर तो दिवस अस्मितेचा दिवस म्हणून साजरा होतो. माझे आजचे मत असे आहे, की हा कौल गोमंतकीयांनी मतपेटीतून दिला आणि तो मान्य करण्यातच आपला मोठेपणा आहे. तरीही मराठी शाळेच्या फलकावर ही नोंद अनेकदा गाळलेली मी पाहिली आहे, आणि तिच्या जागी त्याच तारखेचा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा स्मृतिदिन (१९०१) तेवढा लिहिलेला असतो. रानड्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण एक नोंद झाकण्यासाठी दुसरी पुढे करणे हे रानड्यांना तरी आवडले असते का? मांडवीकाठ, दोन्ही लिहा आणि मतांचे आकडेही लिहा.

कुशावती

तिसवाडी यांच्याशी सहमत आहे. मराठी वाचकांनी ध्यानात ठेवावी, अशी एक तारीख मीही सुचवतो. ती आहे ३१ डिसेंबर.

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही करून त्याच कंपनीची तैनाती फौज पदरी घेतली; दोन महिन्यांपूर्वी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पराभव केल्यामुळे तो पुणे सोडून पळाला होता. ३१ डिसेंबर १९२९ च्या मध्यरात्री लाहोरला रावीच्या काठी जवाहरलाल नेहरूंनी तिरंगा फडकवला आणि काँग्रेसने पूर्ण स्वराज्य हे ध्येय जाहीर केले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत भारत आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. भारताच्या वतीने त्यावर परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची सही आहे आणि पोर्तुगालच्या वतीने मारिओ सुआरिश यांची.

यांत निवडलेला दिवस कोणता? लाहोरचा, कारण मावळते वर्ष ही सरकारला दिलेली मुदत होती. इतर तीन नुसते येऊन पडले. जुनी वही यांची कसोटी लावली तर १६०० ची सनद नव्या मोजणीने १० जानेवारी १६०१ ला जाते आणि गोव्यातल्या कारकुनाने ती तशीच नोंदली असती. तरीही मी ही चार वर्षे एकत्र लिहीन. वसईला पेशव्याने सही करून सत्ता घालवली आणि १७२ वर्षांनी दिल्लीत एका मराठी माणसाने सही करून शेवटच्या युरोपियन सत्तेकडून हक्काचा कागद मिळवला, हे वाचून ज्याला थांबावेसे वाटेल त्याने थांबावे. फक्त खाली 'योगायोग' हा शब्द लिहावा.

म्हादई

मूळ प्रश्न १९ डिसेंबरचा होता, म्हणून त्याच तारखेकडे परत येतो. मांडवीकाठ यांनी हाँगकाँगचा करार लिहिला आहे. माझ्या मते गोव्याच्या फलकावर त्यापेक्षा जवळचा आहे तो मकाव. तिमोरप्रमाणे मकावही १८४४ पर्यंत गोव्याच्या अधिकारात होते. १९ डिसेंबर १९९९ च्या रात्री तेथे पोर्तुगालचा झेंडा उतरवला गेला आणि मध्यरात्रीच्या ठोक्याला, म्हणजे २० डिसेंबर लागताच, मकाव चीनच्या ताब्यात गेले. पुस्तकांत २० डिसेंबर असते, आणि चीनच्या दृष्टीने तेच योग्य आहे.

परंतु कुशावती यांनी ७२ मिनिटांच्या फटीबद्दल जे लिहिले, ते येथेही लागू होते. मकावचे घड्याळ आपल्या पुढे अडीच तास आहे आणि डिसेंबरात लिस्बनच्या पुढे आठ तास. मकावला मध्यरात्र झाली तेव्हा लिस्बनमध्ये १९ डिसेंबरचे दुपारचे चार वाजले होते आणि पणजीत १९ डिसेंबरच्या रात्रीचे साडेनऊ. म्हणजे गोव्यातली शरणागतीची सही आणि मकावचे हस्तांतर या दोन्ही गोष्टी पणजीच्या आणि लिस्बनच्याही घड्याळाने एकाच तारखेच्या आहेत, ३८ वर्षांच्या अंतराने. एकीकडे अवघ्या दोन दिवसांची लष्करी कारवाई, दुसरीकडे १९८७ मध्ये सही झालेल्या करारानुसार बारा वर्षे आधी ठरलेला समारंभ. १९६१ मध्ये शरण आल्याबद्दल व्हासालो इ सिल्व्हा यांना सालाझारने सैन्यातून काढून टाकले होते. पोर्तुगालमधील १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला आणि १९८० मध्ये ते पाहुणे म्हणून गोव्यात येऊनही गेले.

मांडवीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद वहीत उतरवून घेतले आहेत आणि फलकाची पद्धत बदलायला सुरुवातही केली आहे. मुद्दाम निवडलेली तारीख पिवळ्या खडूने लिहिते आणि ज्या घटनेमुळे ती निवडली गेली तिच्याकडे बाण काढते. आपोआप आलेली तारीख पांढऱ्या खडूने. १७५२ पूर्वीच्या इंग्रजी आणि १५८२ पूर्वीच्या पोर्तुगीज तारखेपुढे कंसात 'जुने पंचांग' असे लिहिते. ६ जूनला शुक्रवार आणि शनिवार हे दोन्ही वार लिहिले, तेव्हा पाचवीच्या मुलांना ७२ मिनिटांचा हिशेब घटिकांवरून करायला दिला. एक घटिका म्हणजे २४ मिनिटे, हे कळल्यावर त्यांनी तो क्षणात केला. १५ ऑगस्टचा बाण जाड काढला. १६ जानेवारीला रानडे, फूल, दोन पाने आणि दोन्ही आकडे लिहीन.

ती मुलगी आता पाचवीत आहे. या वर्षीच्या १९ डिसेंबरचा फलक आम्ही दोघी मिळून लिहिणार आहोत आणि कच्चा मजकूर तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून आणला आहे. बिस्मिल, अशफाकउल्ला आणि रोशनसिंह पांढऱ्या खडूत आहेत. हाँगकाँग तिने खोडले आहे. शेवटची ओळ अशी आहे : '१९९९ : मकावमध्ये पोर्तुगालचा झेंडा उतरला. आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते.'